मदत हवी आहे: भाचीच्या रील्सबद्दल ताईशी कसं बोलू?

नमस्कार मंडळी. माझी ताई तिच्या नऊ वर्षांच्या लेकीचं इन्स्टाग्राम खातं चालवते. १३ वर्षांखालच्या मुलांचं खातं पालकांनी चालवायला तिथे मुभा आहे, बायोमध्ये तसं लिहावं लागतं. म्हणजे नियमाचा प्रश्न नाही. मला काळजी पोरीची वाटते. गणपतीत मोदक वळताना एक कळी तुटली तर ती रडकुंडीला आली, 'आता हा व्हिडिओ टाकता येणार नाही' म्हणून. मग डोळे पुसले, ओढणी नीट केली आणि पहिल्यापासून हसायला लागली. मला ते बघवेना. स्वतःला काय आवडतं हे उमजायच्या आधी लोकांना काय आवडतं हे तिला पाठ झालंय.

फ्रान्सने २०२० मध्ये यावर कायदा केला: १६ वर्षांखालच्या मुलांच्या अशा कमाईतला काही भाग त्यांच्यासाठी राखून ठेवायचा, आणि व्हिडिओ काढून टाका असं मूल स्वतः सांगू शकतं. हे दुसरं मला फार मोलाचं वाटतं.

ताई कौतुकापोटीच करते, आता जाहिरातींचे थोडे पैसेही येतात. तुमच्यापैकी कुणी घरात हा विषय काढलाय का? ती दुखावणार नाही अशी सुरुवात कशी करू? आणि नऊ वर्षांच्या मुलीने 'हो, टाक' म्हटलं तर तो होकार कितपत धरायचा?