कंपनी दोन आठवडे बंद, पीएलच्या (पगारी रजेच्या) अर्जावर सही मागतायत

प्रेसशॉप_अंबड:
नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सहा वर्षं कायम कामगार आहे. आमचा माल घेणाऱ्या वरच्या कंपनीने उचल थांबवली, माल साचला, म्हणून सोमवारपासून दोन आठवडे काम बंद अशी गेटवर नोटीस लागली. आज पीएलचे छापील अर्ज वाटले. माझ्या नऊ पीएल उरल्यात, बहिणीच्या लग्नासाठी जपून ठेवलेल्या. त्या संपल्या की पुढचे दिवस बिनपगारी म्हणे. आम्ही 70 जण आहोत. सिडकोत खोलीचं भाडं, वर गाडीचा हप्ता. सही नाही केली तर?

सातपूरचा_टर्नर:
सही करू नका. रजा कामगाराने मागायची असते. कंपनीच काम देऊ शकत नसेल तर तो ले-ऑफ, आणि त्याची भरपाई म्हणजे बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता) यांच्या निम्मे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हेच होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच आहे. कारखान्यात किमान 50 कामगार हवेत आणि तुमची सलग एक वर्ष नोकरी हवी. दोन्ही तुमच्याकडे आहे. बेसिक-डीए मिळून 15,600 असेल तर 26 दिवसांनी भागून रोज 600 पडतो, त्याचे 300. बारा दिवसांचे 3,600. घरभाडे भत्ता यात धरत नाहीत, रविवारही नाही.

पण रोज ठरल्या वेळी गेटवर जाऊन हजेरी लावा. हे मी पोटतिडकीने सांगतोय. 2009 मध्ये आमचा ले-ऑफ झाला तेव्हा मी कांदा काढायला सिन्नरकडे गावी गेलो. परत आलो तर सात दिवस मस्टरवर (हजेरीपटावर) माझी सहीच नाही, त्यामुळे त्या सात दिवसांचा एक रुपया मिळाला नाही. घरी तेव्हा लहान पोर होतं.

गरवारे_पॉईंट:
कंपनीचं दुसरं युनिट आठ किलोमीटरच्या आत असेल आणि तिथे तुम्हाला जमणारं काम त्याच पगारात देत असतील, तर नाही म्हणू नका, भरपाई जाते. नोटिशीचा आणि कोऱ्या अर्जाचा फोटो आजच काढा. हजेरी घेत नसतील तर तसं लेखी लिहून द्या, पोच घ्या आणि कामगार उपायुक्त कार्यालयात जा.

प्रेसशॉप_अंबड:
फोटो काढले. चौघांनी आधीच सह्या करून दिल्यात, त्यांनी उद्या लेखी हरकत दिली तर चालेल का? सकाळी सातला आम्ही अकरा जण गेटवर जातोय.

सातपूरचा_टर्नर:
द्यायला सांगा. सही कशी मागितली तेही त्यात लिहा, आणि तारीख विसरू नका.