कोड एडिटरमध्ये जोडाक्षर मधेच तुटतंय, टेस्ट कशी करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. सांगलीत विश्रामबागला मुलांचे कोडिंगचे क्लास घेतो. त्यांच्यासाठी कोडमिरर ६ मध्ये (ब्राउझरमध्ये चालणारा कोड एडिटर) मराठी अक्षरांप्रमाणे कर्सर हलवणारं फीचर लिहितोय. ‘क्षेत्रफळ’ हे व्हेरिएबल जावास्क्रिप्टला बिनतक्रार चालतं, कर्सरलाच काय धाड भरलीय कोण जाणे! ‘क्षे’ म्हणजे आत चार कोड युनिट (मजकूर साठवायचे तुकडे): क, हलन्त, ष आणि मात्रा. मी इंटल सेगमेंटर (मजकूर अक्षरांत तोडणारी जावास्क्रिप्टची सोय) वापरलंय. नव्या ब्राउझरवर अख्खं अक्षर ओलांडतं, जुन्यावर ‘क्’पाशीच अडतं. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोड (संगणकावरच्या लिपींचं मानक) १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ ला आला, त्यामुळे हे होणारच.

खरी अडचण टेस्टची. जेएसडॉममध्ये (खऱ्या ब्राउझरशिवाय टेस्ट चालवायचं साधन) लेआउटच नाही, म्हणजे अक्षर पडद्यावर कुठे आहे ते कळतच नाही. प्लेराइटने (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) टाइप केलं तर मोबाइल कीबोर्डसारखं कंपोझिशन, म्हणजे अक्षर जुळवत जुळवत पक्कं होणं, होत नाही. अँड्रॉइडवर हे कुणी ऑटोमेट केलंय का? की दर रिलीजला फोन घेऊनच बसायचं?