हरभऱ्याच्या मुळांना एकही गाठ नाही, मदत हवी आहे

रानमाणूस_निफाड
नमस्कार मंडळी, लवकर कोणीतरी सांगा. दीड एकर दिग्विजय जातीचा हरभरा केलाय, ४० दिवस झाले, खालची पानं पिवळी पडत चाललीत आणि वाढ जागच्या जागी थांबलीय. काल चार झाडं उपटली तर मुळांवर गाठीचं नाव नाही. गाठी करून हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं, रायझोबियमचं पाकीट बियाण्याला चोळूनच पेरलं होतं. उद्या पाणी द्यायचंय, सोबत युरियाची गोणी टाकून देऊ का?

बागवाला_पिंपळगाव
भाऊ ही मर आहे, मुळाला बुरशी लागून झाड सुकतं ती. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी शेणखतात मुरवून दे. मी द्राक्षाला दरवर्षी सोडतो, मुळी पांढरीशुभ्र राहते.

रानमाणूस_निफाड
मर नाहीये दादा, झाड सुकत नाही, पिवळं पडतंय. मी गाठींचं विचारलंय.

मूळ_आणि_माती
ओढून उपटलीत का? मग गाठी तुटून मातीतच राहतात. ढेकळासकट खणून काढा, बादलीत भिजवा, मग बघा. आणि पाकीट कुठल्या पिकाचं, कधीचं? त्या रानात आधी काय होतं?

रानमाणूस_निफाड
ताई आत्ता कुदळीने काढून धुतली, तरी नाहीत. पाकिटं सोयाबीनच्या वेळची, जूनमध्ये आणलेली, चार उरली होती ती पत्र्याच्या शेडमध्ये होती. बुरशीनाशक आणि ते एकदमच चोळलं. रान द्राक्षाचं, गेल्या वर्षी बाग तोडली.

मूळ_आणि_माती
अहो हेच तर आधी सांगायचं! सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्याला गाठी करत नाहीत, दोघांचे जिवाणूच वेगळे. त्यात पत्र्याखाली उन्हाळ्यासारख्या गरमीत सहा महिने, पाकिटात जिवंत काय राहणार? बुरशीनाशक आधी लावून सावलीत सुकवायचं आणि जिवाणू सगळ्यात शेवटी, २५० ग्रॅम १० किलो बियाण्याला. बागेत वर्षानुवर्षं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मारलेलं असतं, ते तांबं मातीत साठतं आणि जिवाणूंना मानवत नाही. हरभरा तिथे पहिल्यांदाच ना?

देशी_गाय_चांदवड
पाकिटांच्या नादी लागूच नका. एकरी २०० लिटर शेण-गोमूत्राचं जीवामृत पाण्याबरोबर सोडा, आठ दिवसांत पिकाला काळोखी येते. मी दहा वर्षं एक पाकीट आणलं नाही.

मूळ_आणि_माती
दादा, जीवामृताला माझी ना नाही. पण हरभऱ्याचे जिवाणू त्यात आले कुठून?

देशी_गाय_चांदवड
बांधाची मूठभर माती घालतो ती कशाला मग?

मूळ_आणि_माती
बांधावर हरभरा पेरता का?

सिन्नरची_लेक
हरभऱ्याचं निघालंच आहे तर, आंब कोणी धरतं का अजून? आजी पहाटे पांढरं फडकं झाडांवरून फिरवायची आणि पिळून बाटलीत ठेवायची, पोट दुखलं की चमचाभर. पायांना ते आंबट दव लागून चुणचुणायचं.

रानमाणूस_निफाड
ताई मोठ्या रानात पहिल्यांदाच आहे. विहिरीकडच्या कोपऱ्यात मात्र आई दरवर्षी भाजीपुरता टाकते, यंदा पेरणीयंत्र तिथूनच फिरलं. पण मला युरियाचं सांगा ना आधी!

मूळ_आणि_माती
गोणी नको, नुसता पाला माजेल. फुलोऱ्यात २ टक्के युरिया फवारा, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, दहा-पंधरा दिवसांनी परत एकदा. फक्त पिवळं खालच्या जुन्या पानांपासून चढतंय हे नक्की बघा. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे, तिथे युरिया कामाचा नाही. आणि आईच्या कोपऱ्यातलं एक झाड खणा, गाठ मिळाली तर नखाने फोडा. आतून गुलाबी म्हणजे नत्र धरतेय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

रानमाणूस_निफाड
खणलं. पिवळं खालूनच आहे सगळीकडे, पण त्या कोपऱ्यातलं झाड हिरवंगार, आणि मुळाला नऊ-दहा गाठी, काही जोडून जोडून आल्यात. फोडली तर बोटाला गुलाबी रंग लागला! बियाणं तेच, चोळलेलं तेच, मधे वीस पावलांचं अंतर. आई म्हणते तिथली माती उचलून सगळ्या रानात टाक. चालेल का?

मूळ_आणि_माती
आईंचं बरोबर आहे, दरवर्षीच्या हरभऱ्याने त्या कोपऱ्यातल्या मातीत त्याचे जिवाणू आहेत. जुने लोक नव्या रानात असंच करायचे. आता उशीर झालाय, या पिकाला फार उपयोग नाही. पुढच्या हंगामात पेरताना टाका, त्याआधी कोपऱ्यात मर नाही ना तेवढं बघा, नाहीतर मातीबरोबर तीही जाईल. आणि पाकीट हरभऱ्याचं, ताजं.

बागवाला_पिंपळगाव
मर आली तर ट्रायकोडर्मा आहेच.