मदत हवी आहे: प्रागच्या रंगीत एचिंगवरील डाग

वाड्याची_ओसरी: आजोबांनी प्रागहून आणलेले एक रंगीत एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून कागदावर छापलेले चित्र) आमच्याकडे आहे. व्लटावा नदीपलीकडे माला स्त्राना या जुन्या वस्तीची लाल छपरे टेकडीवर चढत गेली आहेत आणि माथ्यावर सेंट व्हिटस कॅथेड्रल आहे. त्यावर तपकिरी डाग पडले आहेत. ते कसे काढावेत, हे कृपया लवकर सांगावे. शनिवारी चित्र फ्रेमवाल्याकडे द्यायचे आहे.

ताम्रपट: डाग कागदावर आहेत की काचेवर? मागे लाकडी फळी आहे का? छापताना पत्र्याच्या दाबाने कागदावर उमटणारी चौकट कडेने बोटाला लागते का? हे कळल्याशिवाय उपाय सांगता येणार नाही.

जुना_नकाशा: माझ्या नकाशावरील असेच डाग मी पातळ ब्लीचिंग पावडरने काढले आणि कागद पांढराशुभ्र झाला. आपणही निःशंकपणे करावे.

ताम्रपट: हा सल्ला कृपया मागे घ्यावा. क्लोरीनने कागदाचे तंतू दुबळे होतात, आणि ते नुकसान काही वर्षांनी दिसू लागते. शिवाय पाणी लावता येईल का, हे रंग कसा चढला त्यावर ठरते: प्रत्येक रंगासाठी वेगळा पत्रा वापरून, एकाच पत्र्यावर निरनिराळ्या शाया भरून, किंवा काळ्या छापावर हाताने जलरंग देऊन. प्रागचे चित्रकार ताविक फ्रांतिशेक शिमोन (१८७७–१९४२) यांची रंगीत एचिंग छापील शाईची आहेत. हाताने रंगवलेले चित्र मात्र पाण्याने विरघळू शकते.

शाईचा_रूळ: रंग एकाच पत्र्यावरूनही येतात. पॅरिसच्या ‘आतलिए १७’ या छापचित्रांच्या कार्यशाळेत भारतीय छापचित्रकार कृष्णा रेड्डी कमी-अधिक दाट शाया, कठीण आणि मऊ रुळांनी, एकाच पत्र्यावर चढवीत असत. ही पद्धत शिकण्यासारखी आहे.

वाड्याची_ओसरी: माहितीबद्दल आभार, पण माझा प्रश्न डागांचा आहे. डाग कागदावरच आहेत, मागे फळी आहे आणि चौकट बोटाला लागते. भिंगातून पाहिले, तर छपरांचा लाल रंग रेषांबाहेर ओघळलेला असून त्याच्या कडेला गडद किनार आहे. खाली पेन्सिलची सही आहे, ती वाचता येत नाही.

ताम्रपट: गडद किनार ही वाळलेल्या जलरंगाची खूण आहे, त्यामुळे पाण्याचा थेंबही लावू नये. फ्रेमवाल्याला डागांना हात लावू देऊ नये. फळी काढून आम्लविरहित माउंट (चित्राला आधार देणारा पुठ्ठा) घालण्यास आणि काच कागदाला टेकणार नाही असे अंतर ठेवण्यास सांगावे. डागांसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला-संवर्धन केंद्राकडे विचारणा करावी. तोवर चित्र ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये.

वाड्याची_ओसरी: ते ओल येणाऱ्या भिंतीवरच होते. आज उतरवले.