क्रायोबलून उपचारात अन्ननलिका कशी सांभाळतात?

प्रश्न
माझ्या वडिलांना एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा) त्रास असून, गोळ्यांनी ठोके ताब्यात राहत नसल्यामुळे डॉक्टरांनी क्रायोबलूनचा, म्हणजे ठोके बिघडवणारी जागा थंड फुग्याने गोठवण्याचा, सल्ला दिला आहे. संमतीपत्रातील ‘अन्ननलिकेस इजा’ हे शब्द वाचून बाबा बिचकले आहेत. जांघेतून हृदयात नेलेल्या फुग्याचा अन्ननलिकेशी काय संबंध, आणि इजा टाळण्यासाठी नेमके काय करतात?

उत्तर : कॅथलॅबमधील (हृदयात नळी घालून उपचार करतात त्या कक्षातील) तंत्रज्ञ
अन्ननलिका डाव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या) मागच्या भिंतीला जवळजवळ चिकटूनच खाली उतरते. फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरेच्या तोंडाशी 28 मिलिमीटरचा फुगा बसवून त्यात नायट्रस ऑक्साइड सोडले, की तापमान उणे 40 ते 50 अंशांपर्यंत उतरते आणि तो गारठा मागेही पोहोचतो. म्हणून आमच्याकडे अन्ननलिकेत तापमापकाची बारीक नळी ठेवतात. डावीकडची खालची शीर गोठवताना माझी नजर त्या आकड्यावरून हलत नाही : 34, 29, 22... पंधराच्या जवळ येताच मी मोठ्याने सांगतो, कारण गोठवणे थांबवल्यावरही आकडा काही काळ उतरतच राहतो. नळी फुग्याच्या समोर नसेल तर मात्र आकडा फसवा दिसतो, त्यामुळे एक्स-रेवर तिची जागा वारंवार जुळवावी लागते. ही नळी सगळीकडे वापरतातच असे नाही. आधी विचारून घ्या.

उत्तर : हृदयरोगतज्ज्ञ
खरी भीती असते ती अन्ननलिका आणि अलिंद यांना जोडणाऱ्या छिद्राची. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पॉटर-एएफ या आंतरराष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण रेडिओलहरींच्या उष्णतेने केलेल्या उपचारानंतर 0.038 टक्के, तर क्रायोबलूननंतर 0.0015 टक्के आढळले. मात्र छिद्र पडलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश दगावले, म्हणून घरी गेल्यानंतरचे दोन महिने मला प्रक्रियेच्या दिवसाइतकेच महत्त्वाचे वाटतात. ताप, छातीत किंवा गिळताना दुखणे, अचानक बोलणे अडखळणे वा हात लुळा पडणे, ही लक्षणे बहुधा दोन-तीन आठवड्यांनी दिसतात, आणि तोवर प्रक्रियेशी त्यांचा संबंध कोणी जोडत नाही. गिळताना दुखते म्हणून कोणी अन्ननलिकेत दुर्बीण (एंडोस्कोपी) टाकायला निघाले तर थांबवा. तिच्यातून सोडलेली हवा छिद्रावाटे हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. आधी छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध टोचून काढलेला स्कॅन) करावा. आम्ल कमी करणारी गोळी काही आठवडे देतात, ती मध्येच बंद करू नये.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. आमचे गाव रुग्णालयापासून चार तासांवर असल्याने, बाबांच्या फाइलवर प्रक्रियेची तारीख आणि ‘ताप आल्यास आधी सीटी, दुर्बीण नको’ असे डॉक्टरांकडून लिहून घेते.