वायुगळतीनंतर आरोग्याच्या नोंदींवरून परिणाम कसा मोजावा? मदत हवी आहे

कारखान्यातून रात्री क्लोरीन गळाला, त्याला ८ महिने झाले. हाताशी ४ आरोग्य केंद्रांच्या ओपीडी नोंदवह्या, मृत्युनोंदी आणि वस्तीनिहाय, वयोगटनिहाय लोकसंख्या आहे. दम-खोकल्याचे केसपेपर अडीचपट झालेत. हे गळतीमुळेच, असं म्हणता येईल का?

प्रतिसाद १
एवढ्यावरून नाही. गळतीनंतर शिबिरं भरतात, भरपाईसाठी कागद लागतो, त्यामुळे आजार तेवढाच असला तरी नोंदी फुगतात. त्याच वह्यांतून दातदुखी आणि खरूज मोजा. त्याही अडीचपट झाल्या असतील तर वाढली ती गर्दी.

मृत्यूंवर गर्दीचा परिणाम होत नाही, म्हणून तिथून सुरुवात करा. मागच्या ५ वर्षांतले तेच महिने घ्या, कोविडची वर्षं सोडून. समजा ४० ते ५९ वयाचे ३,००० लोक आहेत आणि पूर्वीचा दर वर्षाला हजारी ६. मग ८ महिन्यांत १२ मृत्यू अपेक्षित. प्रत्यक्षात १९ झाले तर गुणोत्तर १.५८, पण ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरं गुणोत्तर ज्या पट्ट्यात असू शकतं तो, साधारण ०.९५ ते २.४७; त्यात १, म्हणजे ‘काही फरक नाही’, हेही बसतं. म्हणजे एका गटावरून काहीच ठरत नाही. सगळ्या वयोगटांचे प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकडे वेगवेगळे काढून मग बेरीज करा.

प्रतिसाद २
बाधित वस्त्या कशा ठरवल्या? जिथे आजारी जास्त तो भाग बाधित धरला, तर उत्तर आधीच प्रश्नात घातलं जातं. इटलीत सेवेसोला १९७६ मध्ये कारखान्यातून डायऑक्सिन हे विषारी रसायन पसरलं, तेव्हा मातीतल्या त्याच्या प्रमाणावरून विभाग पाडले आणि रक्ताचे नमुने गोठवून ठेवले, म्हणून वर्षांनंतरही मात्रा मोजता आली. क्लोरीन शरीरात असा उरत नाही. त्या तासाची वाऱ्याची दिशा, अंतर आणि उतार पाहा. हा वायू हवेपेक्षा जड, नाल्याकाठी आणि खोलगट भागात साचतो. पत्त्यावर विसंबू नका, रात्रपाळीला गेलेला माणूस घरी नव्हता.

लोकांची यादी गळतीच्या रात्री तिथे असलेल्यांची ठेवा. गाव सोडून गेलेल्यांना वगळलंत तर ज्यांना जास्त त्रास झाला तेच निसटतात. गर्भपातांसाठीही तसंच: जन्मनोंदीत ते दिसत नाहीत, त्या रात्री गरोदर असलेल्या प्रत्येकीचा शेवटपर्यंत मागोवा घ्यावा लागतो.

धागाकर्ता
बऱ्याच मृत्युदाखल्यांवर कारण फक्त ‘हृदयक्रिया बंद’ आहे. ते काढून टाकू का?

प्रतिसाद १
मुळीच नाही. हृदय बंद पडणं हे कारण नव्हे, प्रत्येक मृत्यूत ते होतंच. श्वसनाचे कितीतरी मृत्यू त्यातच दडलेले असतील. मुख्य हिशेब एकूण मृत्यूंवर करा. कारणं हवी असतील तर घरी जाऊन मौखिक शवपरीक्षेची (नातेवाइकांना मृत्यूआधीची लक्षणं विचारून कारण ठरवण्याची) प्रश्नावली भरा, बाधित आणि अबाधित दोन्ही वस्त्यांत, आणि भरणाऱ्याला कुठली वस्ती कोणत्या गटात आहे ते सांगू नका.