मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईच्या डोळ्यावर फोड, पहाटे डोळा उघडवत नाही

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आई 69 वर्षांची. मागच्या दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. फार पिकला होता, ऑपरेशनला वेळ लागला असं तेव्हाच सांगितलं होतं. काही महिने बरे गेले. यंदा गौरी-गणपतीच्या सुमारास धुरकट दिसू लागलं आणि आता दुखणं सुरू झालंय. पहाटे उठते ती पदराचा बोळा डोळ्यावर दाबूनच. "चटणी गेल्यागत हुतंय गं" म्हणते. पाण्याची धार लागते. अकरा वाजेपर्यंत भाकरी थापायलाही बसता येत नाही, दुपारनंतर जरा निवतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जिथं ऑपरेशन झालं तिथं तीन खेपा झाल्या. "वयामुळे होतं, थेंब घालत राहा" एवढंच उत्तर. मग साताऱ्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बुलस केरॅटोपॅथी असं नाव सांगितलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, सूज येऊन फोड आलेत, ते फुटले की दुखतं. त्यांनी पाच टक्के मिठाचे थेंब दिलेत. आई विचारते, जळत्या डोळ्यात मीठ कशाला? पुढे कॉर्निया बदलावा लागेल म्हणाले, ते ऐकून तर तिनं धसकाच घेतला. "मेलेल्या माणसाचा डोळा मला नको." डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. कुणी यातून गेलंय का?

लालपरी_निवृत्त:
ताई, मी गेलोय. एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो, निवृत्तीनंतर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि अगदी हेच झालं. सहन करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका. हे दुखणं काय असतं ते मला माहीत आहे.

मला डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो मोटर लावल्यासारखा रात्रंदिवस पाणी बाहेर उपसतो. या पेशी मेल्या की परत येत नाहीत. कडक मोतीबिंदू फोडताना बऱ्याच जातात, मग पाणी तुंबतं. दिवसा डोळा उघडा असतो म्हणून थोडं सुकतं, रात्री पापणी मिटलेली, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. मिठाचं म्हणाल तर कारल्याला मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं ना, तसंच ते सूज ओढून घेतं. झोंबतं खरं, पण मिनिटभरच. मला सकाळी लागोपाठ दोन-तीनदा घालायला सांगितलं होतं आणि रात्री त्याचंच मलम. शिवाय डॉक्टरांना विचारून मी केस सुकवायचं मशीन हात लांब करून, अगदी मंद ठेवून, पाचेक मिनिटं वारा घ्यायचो. सकाळ सुसह्य व्हायची. हा इलाज नव्हे, उसंत आहे.

एका रात्री मोठा फोड फुटला. भिंतीला डोकं टेकून उजाडेपर्यंत बसलो होतो. सकाळी डॉक्टरांनी पट्टीसारखं काम करणारी मऊ लेन्स बसवली आणि तासाभरात कळ गेली. बायको रडलीच. मात्र लेन्स असताना अँटिबायोटिक थेंब चुकवायचे नाहीत, विहिरीचं-नदीचं पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, आणि बदलायची तीही डॉक्टरांनीच.

शेवटी डीसेक नावाचं कॉर्नियाचं ऑपरेशन केलं. आईंना सांगा, अख्खा डोळा बदलत नाहीत. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ थर आतून चिकटवतात आणि तो दाबून बसावा म्हणून हवेचा बुडबुडा सोडतात. त्यासाठी उताणं पडून राहायचं. बुडबुडा मला आतून दिसायचा, गवंड्याच्या पाणसळीत हलतो तसा. दुसऱ्या दिवशी थर एका कडेला सुटला, पुन्हा हवा भरावी लागली. तेव्हा धीर खचला होता. आज तीन वर्षं झाली. दुखणं नाही, पेपर वाचतो. स्टेरॉइडचा एक थेंब रोज चालू आहे.

डोळ्यांचा_डॉक्टर_सोलापूर:
काकांनी छान सांगितलंय. तपासल्याशिवाय मी औषध सांगणार नाही, पण पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या. डोळ्याचा दाब किती आहे? डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे रेटिना, चांगला आहे का? (धुक्यातून दिसत नसेल तर सोनोग्राफी करतात.) आणि डाव्या डोळ्यातल्या पेशी किती? ही तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. निरोगी डोळ्यात चौरस मिलिमीटरला साधारण 2000 ते 3000 पेशी असतात, 500 च्या आसपास आल्या की सूज धरते. फुक्स नावाच्या आजारात दोन्ही डोळ्यांत त्या आधीपासूनच कमी होत जातात. म्हणून ही मोजणी झाल्याशिवाय डावा डोळा करायला देऊ नका.

पडदा चांगला असेल तर वर्षानुवर्षं थेंबांवर काढू नका. सूज जुनी झाली की आत कायमचे व्रण पडतात, मग पातळ थरावर भागत नाही, पूर्ण जाडीचा कॉर्निया टाके घालून बसवावा लागतो. नजर परत येण्यासारखी नसेल तरी नुसतं दुखणं थांबवण्याचे उपाय आहेत, उदाहरणार्थ वारेच्या आतल्या पातळ पापुद्र्याचं, ॲम्नियॉटिक मेम्ब्रेनचं, आवरण. जपानमध्ये पेशी वाढवून इंजेक्शननं सोडण्याच्या उपचाराला 2023 मध्ये मान्यता मिळाली, पण त्याची वाट पाहत बसू नका.

बधिर करणारे थेंब घरी कधीही घालू नका, दुखणं दबतं आणि कॉर्निया विरघळू शकतो. मध, एरंडेल, गुलाबपाणीही नको. बुबुळावर पांढरा ठिपका किंवा पू दिसला, लाली वाढली, तर त्याच दिवशी गाठा.

कृष्णाकाठ:
काका, डॉक्टर, तुमचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. कारल्याचं ऐकून तिनं आज थेंब घालू दिले. डाव्या डोळ्यासाठी पुढच्या आठवड्यात शिबिरात नाव दिलं होतं, ते आधी काढून घेते. दाता कोण असतो, हेही तिनं विचारलं. नेत्रपेढी नाव सांगत नाही, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घरचे लोक देतात, एवढं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या घरात त्या वेळी कुणाला सुचलं असंल गं?" नको म्हणाली नाही. आता तिचा एकच प्रश्न आहे. तिची कंबर धरते, उताणं पडायचं तर उशी चालते का?

लालपरी_निवृत्त:
डोक्याखाली नको. गुडघ्याखाली चालते. मी घोंगडं गुंडाळून ठेवलं होतं, कंबरेला फार आराम पडला.